पास बायकोचा, प्रवासी झुंबरराव

एका परक्या मुलीनं भर सकाळी फोन करून, ‘काका, रात्री झोप कशी लागते?’ असं विचारलं, तर सभ्य गृहस्थानं काय समजावं? झुंबरराव आहेर यांनी जे समजायचं ते समजून फोन बंद केला आणि कपाटात बँकेचं पासबुक जागेवर आहे का ते बघून आले.

फोन पुन्हा वाजला.

‘काका, कट झाला बहुतेक. मी रोहिणी. तुमची हेल्थ कोच. प्रफुल्ल सरांनी तुमचं आणि काकूंचं नाव दिलंय.’

प्रफुल्ल म्हणजे झुंबररावांचा पुण्यातला मुलगा. त्याला लगेच फोन गेला. तो म्हणाला, ‘बाबा, आमच्या कंपनीची सोय आहे. आईवडिलांसाठी. ती मुलगी तुमच्या खाण्यापिण्याची चौकशी करणार, काही दुखलं-खुपलं तर कुठल्या डॉक्टरकडे जायचं ते सांगणार, वेळ घेणार, दवाखान्यातल्या कागदपत्रांची धावपळसुद्धा तीच करणार. आपल्याला एक पैसा द्यायचा नाही.’

बाकी सगळं झुंबररावांनी सोडून दिलं असतं, पण या शेवटच्या वाक्यानं त्यांची खात्रीच पटली. भानगड होती.

हा संशयी स्वभाव त्यांचा नव्हता, नोकरीचा होता. उभा जन्म त्यांनी एसटीच्या तपासणी पथकात काढला. चांदवडच्या अलीकडे, ओझरच्या पलीकडे, कुठंही झाडामागून प्रकट व्हायचं, हात करून गाडी थांबवायची आणि पहिल्या पायरीवरूनच ओळखायचं की बिनतिकिटाचा कोण. त्यांची एक कसोटी होती आणि ती कधी चुकली नाही: जो माणूस खिडकीबाहेर फार रस घेऊन बघतो, त्याच्याकडे तिकीट नसतं. दुसऱ्याच्या पासावर प्रवास करणाऱ्यांचा तर त्यांना विशेष तिटकारा. सासऱ्याचा पास घेऊन जावई, भावाचा पास घेऊन भाऊ. पकडले की सगळ्यांचं एकच पालुपद, ‘साहेब, चूक झाली.’ आणि झुंबररावांचं एकच उत्तर, ‘नियमात चूक नाही, दंड आहे.’ निवृत्त झाल्यावर गाड्या गेल्या, पण नजर राहिली. ती हिरावाडीतल्या भाजीवाल्यांवर, दूधवाल्यावर आणि फावल्या वेळात नातेवाइकांवर चालायची.

संध्याकाळी बागेतल्या बाकावर त्यांनी प्रकरण शेजारच्या सावळीराम यांच्यापुढे ठेवलं. सावळीराम हे फसवणुकीतले तज्ज्ञ. म्हणजे त्यांना एकदा फोनवरून कुणीतरी फसवलं होतं, तेव्हापासून ते तज्ज्ञ झाले होते.

‘आधी झोप विचारतात,’ सावळीराम म्हणाले. ‘मग पाणी किती पिता ते विचारतात. मग रक्तगट.’

‘मग?’

‘मग काय, किडनी.’

‘माझी? या वयात?’

‘झुंबरराव, बाजारात जुनी गाडीसुद्धा विकली जाते.’

शेवटी असं ठरलं, की फोन बंद करायचा नाही, मुलाला वाईट वाटेल. पण खरी माहितीही द्यायची नाही. समोरच्याला गाफील ठेवून त्याचा डाव ओळखायचा. पथकात याला सापळा म्हणायचे.

अडचण एकच आली. खोटं बोलायला कल्पनाशक्ती लागते आणि ती एसटीनं झुंबररावांना कधी दिली नव्हती. रोहिणीचा फोन सकाळी यायचा. त्या वेळी झुंबरराव झोपाळ्यावर आणि समोर त्यांची बायको, चंद्रभागाबाई, काही ना काही कामात. मग झुंबरराव समोर दिसेल ते सांगू लागले.

‘काका, जिना चढताना दम लागतो का?’

चंद्रभागाबाई नुकत्याच भाजीची पिशवी घेऊन खालून आल्या होत्या. येताना मधल्या पायरीवर टेकल्या होत्या. ‘लागतो ना,’ झुंबरराव म्हणाले. ‘मधी बसावं लागतं.’

‘चक्कर वगैरे?’

चंद्रभागाबाई चौकट धरून उठल्या. ‘उठताना चौकट धरतो.’

‘आणि काकू कशा आहेत? त्यांच्याशीही बोलायचं होतं.’

‘ती ठणठणीत आहे. तिला काय होतंय? तुम्ही माझ्याशीच बोला.’

फोन ठेवून झुंबरराव स्वतःवर खूश झाले. इतकं बेमालूम खोटं त्यांना जमेल असं त्यांनाच वाटलं नव्हतं.

मग ताटाचे फोटो आले. रोहिणी म्हणाली, दुपारी जेवायला बसण्याआधी ताटाचा फोटो पाठवत जा. आता झुंबररावांचं ताट म्हणजे बाजरीच्या दोन भाकरी, लालभडक तर्रीची शेवभाजी, वर कच्चं तेल, पापड आणि शेवटी गूळ-तूप. हे ताट परक्याच्या हाती देणं म्हणजे स्वतःच्या हातानं कबुलीजबाब लिहून देणं. त्यांनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी त्यांचं जेवण झालं, चंद्रभागाबाई नेहमीप्रमाणे मागून स्वयंपाकघरात बसल्या, आणि झुंबररावांना तिथं अगदी आदर्श ताट दिसलं. अर्धी भाकरी, कढईला लागलेली भाजी पुसून घेतलेली, चिमूटभर ठेचा. तेल नाही, तूप नाही, पापड नाही. डॉक्टर लोक भिंतीवर लावतात तसं.

‘थांब, हात लावू नको,’ असं म्हणून त्यांनी फोटो काढला.

‘हे काय आणि?’ चंद्रभागाबाईंनी विचारलं.

‘पुण्याला पाठवायचाय.’ हे खोटं नव्हतं. रोहिणीचं मुख्य ऑफिस पुण्यालाच होतं.

पुढं ते रोजचंच झालं. आधी झुंबरराव जेवायचे, मग हात पुसून बायकोच्या ताटाचा फोटो काढायचे आणि तो आपला म्हणून धाडायचे. तिकडून रोहिणी विचारायची, ‘काका, इतकंच?’ इकडून झुंबरराव ढेकर दाबत लिहायचे, ‘वयोमानानुसार.’

चंद्रभागाबाई मात्र काही दिवस गोंधळल्या आणि मग हळूच खुलल्या. लग्न झाल्यापासून त्यांच्या ताटात कुणी डोकावलं नव्हतं. त्या सगळ्यांच्या मागून बसत, तेव्हा घरातली माणसं हात धुऊन पांगलेली असत. आता नवरा रोज येऊन वाकून फोटो काढत होता. आठवड्याभरात ताटाच्या कडेला लिंबाची एक फोड येऊ लागली. पातळ, सारखी, बी काढलेली.

‘लिंबू कशाला?’ झुंबररावांनी विचारलं.

‘फोटोत बरं दिसतं,’ त्या म्हणाल्या.

सगळं असं सुरळीत चाललं असताना एका सकाळी रोहिणीनं एक विचित्र प्रश्न विचारला. ‘काका, कधी काहीतरी वेगळंच खावंसं वाटतं का? माती, खडू, बर्फ असं काही?’

समोर चंद्रभागाबाई तांदूळ निवडत होत्या. निवडता निवडता चिमूटभर तोंडात टाकत होत्या. झुंबररावांना मोह झाला. इतकी बेफाम थाप मारण्याची संधी पुन्हा येणार नव्हती.

‘कच्चे तांदूळ,’ ते म्हणाले. ‘मुठीनं खातो.’

थाप जास्तच झाली, असं झुंबररावांना वाटलं.

‘कधीपासून?’

त्यांनी फोनवर हात ठेवला. ‘अगं, तू तांदूळ कधीपासून खातीस?’

‘दिवाळीपासून असेल. का? मोजून ठेवायचेत का तुम्हाला?’

‘दिवाळीपासून,’ झुंबरराव फोनमध्ये म्हणाले.

‘आणि दुखण्याच्या गोळ्या वगैरे काही घेता?’

फळीवर डबा होता. चंद्रभागाबाईंच्या गुडघ्यांसाठी सावळीराम यांनीच त्या गोळ्या सुचवल्या होत्या, त्यांच्या मेव्हण्याला लागू पडल्या होत्या म्हणून. ‘रोज,’ झुंबरराव म्हणाले. ‘सकाळी उठल्याबरोबर. चहाच्या आधी.’

‘काका,’ रोहिणीचा आवाज बदलला होता, ‘मी आत्ताच आमच्या डॉक्टरांशी बोलते.’ अर्ध्या तासात तिचा पुन्हा फोन. ‘उद्या सकाळी यायचं. वेळ घेतलीय, तपासणी लावलीय. मी स्वतः दवाखान्याच्या दारात उभी असेन. टाळू नका, हं.’

झुंबरराव सरळ बाकावर गेले.

‘आलं,’ सावळीराम समाधानानं म्हणाले. ‘मी काय म्हटलं होतं? गळ टाकला. आता तपासणी, मग भरती व्हा, मग कापा. माणूस धडधाकट आणि म्हणे तपासणी लावली.’

‘ती मुलगी तशी गोड बोलते हो.’

‘सगळे गोडच बोलतात. मला फसवणारा तर मला दादा म्हणायचा.’

आता पथकातला शेवटचा आणि रामबाण उपाय उरला होता. अचानक तपासणी. ऑफिस कॉलेज रोडला आहे असं रोहिणी एकदा म्हणाली होती. दुपारी दोघं रिक्षानं निघाले. झुंबररावांनी मिशीला पीळ दिला होता आणि जुन्या नोकरीतली काळी पिशवी काखेत मारली होती. तिच्यात काही नव्हतं, पण ती काखेत असली की समोरचा माणूस आपणहून तिकीट काढून दाखवायचा.

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद. सावळीराम पहिल्या मजल्याच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, ‘तुम्ही व्हा पुढं, मी इथून पळवाट अडवतो.’ झुंबरराव दोन दोन पायऱ्या घेत वर गेले आणि न ठोठावता दार उघडून आत शिरले. आत पाच-सहा पोरं-पोरी कानाला यंत्रं लावून बोलत होती. ‘रोहिणी कोण?’ असं म्हणेपर्यंत त्यांना ती दिसली. कोपऱ्यातल्या टेबलावर. गोरटेली, चष्मेवाली. हातात सामोसा.

जन्मभर लोकांना पकडलं, पण इतकं रंगेहाथ कुणी सापडलं नव्हतं.

‘लोकांना तेल बंद,’ झुंबरराव तपासणीच्या आवाजात म्हणाले, ‘आणि स्वतः?’

रोहिणीनं आवाज ओळखला. ‘झुंबरराव काका?’ सामोसा तसाच ठेवून ती धावत आली, खुर्ची ओढली. ‘अहो, तुम्ही चढून कशाला आलात? लिफ्ट बंद आहे. बसा आधी. कुणीतरी पाणी आणा रे. काका, बोलू नका, दम लागला असेल.’

‘कुणाला दम?’ झुंबररावांचा अपमान झाला होता. ‘मी सप्तशृंगीच्या पायऱ्या अजून एका झटक्यात…’

इथं ते थांबले. पण वाक्य बरंच पुढं गेलं होतं.

रोहिणी त्यांच्याकडे बघत राहिली. गाल, मिशी, शर्टाच्या ताणलेल्या बटणांमागचं पोट. ‘काका, जरा डोळ्याखालची कातडी खाली ओढाल?’ त्यांनी ओढली. आत लाल होतं. तर्रीसारखं लाल. तिनं फोन काढला आणि रोजच्या ताटाचे फोटो एकेक पुढं सरकवले. अर्धी भाकरी. अर्धी भाकरी. लिंबू. एका फोटोत कडेला हिरव्या बांगड्या.

‘काका, हे ताट कुणाचं आहे?’

खिडकीबाहेर कॉलेज रोडवर बघण्यासारखं काहीही नव्हतं. एक टँकर मागं घेत होते. झुंबरराव तो फार रस घेऊन बघत राहिले.

‘मी रागावत नाहीये,’ ती म्हणाली. ‘बांगड्या दिसल्या तेव्हा वाटलं, काकू वाढत असतील. मला फक्त एवढंच सांगा, हे ताट ज्याचं आहे तो माणूस आत्ता कुठाय?’

‘घरी.’

‘एकटा?’

झुंबरराव टँकरकडे बघतच म्हणाले, ‘एकटी.’

मग तिनं खुर्ची जवळ घेऊन, तिसरी-चौथीतल्या मुलाला सांगतात तसं सांगितलं. डॉक्टरांना शंका आहे की अंगातलं रक्त फार कमी झालंय. दम त्याचा, चक्कर त्याची, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात तेही त्यामुळंच. आणि उपाशीपोटी त्या गोळ्या घेऊन पोटात कुठंतरी जखम होऊन रक्त गळत असावं. ‘हे सगळं तुम्हाला होतंय असं समजून उद्याची वेळ घेतली होती. काकूंना होत असेल तर मला उद्यापर्यंत थांबायचं नाही. आजच नेऊ.’

झुंबरराव जिना उतरले. या वेळी मात्र त्यांनी कठडा धरला.

‘किती मागितले?’ पायरीवरून सावळीराम यांनी विचारलं.

‘काही नाही मागितलं.’

‘मग प्रकरण फारच मोठं आहे,’ सावळीराम म्हणाले.

‘तुमच्या त्या गोळ्या,’ झुंबरराव म्हणाले, ‘मेव्हण्याला लागू पडल्या म्हणता, तो मेव्हणा आता कसाय?’

सावळीराम यांनी थोडा विचार केला. ‘बऱ्याच दिवसांत बोलणं नाही.’

घरी चंद्रभागाबाई पाय पसरून भिंतीला टेकल्या होत्या. तांदूळ निवडून झाले होते. झुंबररावांनी दारातूनच हुकूम सोडला, ‘साडी बदल. दवाखान्यात जायचंय.’

‘मला काय धाड भरलीय? डाळ भिजत घातलीय मी.’

‘डाळ राहू दे.’

‘वरवंट्यासारखी माणसं तुम्ही. भिजलेली डाळ राहती का?’

हुकूम चालला नाही. मग विनंती झाली, तीही चालली नाही. झुंबररावांनी त्यांचा हात हातात घेतला, बऱ्याच वर्षांनी, आणि तळवा उलटा करून पाहिला. तो कागदासारखा पांढरा होता. हजारो पास उलटसुलट करून पाहिले होते त्यांनी. हा कधी पाहिला नव्हता.

‘अगं,’ ते म्हणाले, ‘ते फोटो. तुझं ताट मी माझं म्हणून धाडत होतो. माझं लपवायला.’

चंद्रभागाबाईंनी हात सोडवून घेतला.

‘म्हणजे ते माझ्यासाठी नव्हते,’ त्या म्हणाल्या.

‘नाही.’

‘आणि मी येडी रोज लिंबू चिरत होते.’

झुंबररावांनी खिशातून फोन काढला. तो चालूच होता. खाली रिक्षा घेऊन येत असलेली रोहिणी त्यात होती. त्यांनी तो बायकोच्या हातात दिला. हे त्यांनी निदान एक काम बरोबर केलं.

‘काकू,’ फोनमधून आवाज आला, ‘ती लिंबाची फोड मी रोज बघत होते. इतकी नीट फोड कोण चिरतं, असं वाटायचं मला.’

‘दिसत होती का गं तिकडं?’ चंद्रभागाबाईंनी विचारलं.

‘चांगली दिसत होती.’

त्या चौकट धरून उठल्या आणि साडी बदलायला गेल्या. डाळ तशीच राहिली.

दवाखान्यात पहिली गोष्ट अशी झाली, की एका कर्मचाऱ्यानं चाकाची खुर्ची आणून झुंबररावांना तिच्यात बसवलं. नोंद त्यांच्या नावावर होती. मनगटाला पट्टीही बांधली. ते उठू लागले तर तो म्हणाला, ‘बाबा, उठू नका, तुम्हाला चक्कर येते, असं लिहिलंय.’ खिडकीवरचा कारकून म्हणाला, ‘रुग्ण पुरुष आहे. बाईंना आत सोडता येणार नाही.’ रोहिणी म्हणाली, रुग्ण बदलायचाय. कारकून म्हणाला, रुग्ण बदलत नसतात. नावासमोरची लक्षणं दुसऱ्याची कशी असतील? विमा कंपनीला काय सांगायचं?

त्यानंतर त्या सामोसा खाणाऱ्या मुलीनं जे केलं ते बघून झुंबररावांना आपल्या पथकातला सगळ्यात चलाख माणूस आठवला. चंद्रभागाबाईंना तिनं आधी तातडीच्या कक्षात नेऊन खाटेवर झोपवलं, ‘कागद मागून येतायत’ म्हणून. मग ती विम्याच्या टेबलावर गेली, तिथून पहिल्या मजल्यावर, तिथून पुण्याला फोन. कुठल्या खिडकीवर गोड बोलायचं आणि कुठं नियमाचा आकडा सांगायचा हे तिला पाठ होतं. झुंबरराव चाकाच्या खुर्चीतून तिच्या मागंमागं फिरत होते, कारण त्या कर्मचाऱ्याला कुणी थांब म्हटलं नव्हतं.

शेवटी सगळं कारकुनापाशी येऊन अडलं. ‘कारण लिहावं लागेल,’ तो म्हणाला. ‘चुकीची माहिती का दिली? रुग्णानं स्वतः सांगायचं.’

हॉल भरलेला होता. सटाण्याकडची, येवल्याकडची माणसं बाकांवर दाटीनं बसली होती. यातल्या निम्म्यांची तिकिटं झुंबररावांनी कधी ना कधी तपासली असणार. ते खुर्चीतून उठले, शर्ट खाली ओढला.

‘साहेब,’ ते म्हणाले, ‘चूक झाली. पास बायकोचा होता. प्रवास मी करत होतो.’

दंड किती, ते ऐकायला ते उभेच राहिले. कारकुनानं मान वर केली नाही. ‘बरं काका,’ तो म्हणाला, ‘इथं सही करा.’

आत चंद्रभागाबाईंचा अहवाल आला, तेव्हा डॉक्टर तो घेऊन स्वतः बाहेर आले. ‘या बाई चालत आल्या?’ त्यांनी विचारलं. ‘एवढ्या रक्तावर माणूस बसू शकत नाही. या घरात कामं करत होत्या?’ त्या रात्री रक्त चढलं. दुसऱ्या दिवशी दुर्बिणीतून पोटातली जखम सापडली. औषधानं भरेल, डॉक्टर म्हणाले, गोळ्या आजपासून बंद. अजून काही दिवस गेले असते तर, असंही ते म्हणाले आणि वाक्य अर्धवट सोडलं. झुंबररावांनी ते पुरं करून मागितलं नाही.

चंद्रभागाबाई घरी आल्या, त्याला आता महिना झाला. आता त्या झुंबररावांच्या बरोबरीनं जेवायला बसतात. रोहिणीनं तसं सांगितलंय आणि रोहिणीचा शब्द त्यांना नवऱ्यापेक्षा पक्का वाटतो. फोनही त्यांच्याच ताब्यात गेलाय. रोज दोन ताटांचे दोन फोटो जातात. झुंबररावांच्या ताटाच्या फोटोत त्यांची मिशी यावी लागते. चंद्रभागाबाईंचा तसा नियम आहे. पासावर फोटो नको का, असं त्या म्हणतात. मध्यंतरी झुंबररावांचीही तपासणी झाली. साखर निघाली. शेवभाजीवरची तर्री गेली, गूळ-तूप गेलं, आणि रोज संध्याकाळी बागेला फेऱ्या मारणं आलं. सावळीराम बाकावरून त्या फेऱ्या बघतात.

‘सगळं केलं तिनं, आणि अजूनही काहीच मागत नाही?’ ते परवा म्हणाले.

‘नाही.’

‘मला हे पटत नाही, झुंबरराव.’

झुंबररावांनाही खरं तर ते पूर्ण पटलेलं नाही. सवय इतक्यात जात नाही. ते आजही बायकोच्या ताटात वाकून बघतात, भाजी पुरेशी घेतलीय का, भाकरी अख्खी आहे का. ही तपासणी रोज होते आणि अचानक होते. परवा ताटं वाढून झाली, चंद्रभागाबाई हात धुवायला गेल्या, आणि त्या परत आल्या तर त्यांच्या ताटाच्या कडेला लिंबाची एक फोड होती. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला नुसतीच साल, बिया तशाच. त्यांनी फोटो काढला आणि पाठवला.

जरा वेळानं फोन किणकिणला. चंद्रभागाबाईंनी निरोप मोठ्यानं वाचला.

‘काकू, आज लिंबू कुणी चिरलं?’

त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. झुंबरराव खिडकीबाहेर फार रस घेऊन बघत होते.